बारीक बाईची मुलगी

लिफ्टचं दार मिटता मिटता पुन्हा उघडलं आणि आत कुठेतरी एक बारीक, चिडका सूर वाजू लागला. वजन जास्त झालं होतं. खरं तर तिच्यानंतर दोघं जण आत शिरले होते. एक फायली छातीशी धरलेला कारकून आणि एक पाण्याची भलीमोठी बाटली खांद्यावर घेतलेला माणूस. त्या बाटलीचंच वजन केवढं असेल. पण सूर वाजला आणि सगळ्यांच्या नजरा, पाणी उताराकडे जावं तशा, तिच्याकडे वळल्या. कुणी काही बोललं नाही. बोलावं लागतच नाही. बाटलीवाला तर इतक्या निरागसपणे बघत होता की क्षणभर तिलाही वाटलं, बाटली आपल्याच खांद्यावर आहे. ती "सॉरी" म्हणाली, कुणाला ते तिलाही कळलं नाही, आणि अंग चोरत बाहेर पडली. अंग चोरणं ही थोडक्या अंगाच्या माणसांची चैन. तिने चोरलं तरी ते चोरीला जात नसे, उलट आणखी उठून दिसे. सूर थांबला. निदान एकदा तरी थांबायला नको होता. दार मिटलं, आणि मिटता मिटता आतून कुणीतरी हसल्यासारखं किंवा खोकल्यासारखं ऐकू आलं. या दोन्हींतला फरक ओळखायचा नाद तिने फार वर्षांपूर्वी सोडून दिला होता.

मुलाखत सातव्या मजल्यावर होती. पुढची लिफ्ट आली असती, थांबायला वेळही होता. पण पुन्हा त्या दारापाशी उभं राहायचं, पुन्हा आत शिरायचं आणि सूर वाजतोय का म्हणून कान टवकारायचे, याची तिची तयारी नव्हती. ती जिन्याकडे वळली. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. अशा इमारतींत जिना ही आग लागल्यावर आठवायची गोष्ट असते. कठड्याचं लोखंड गार होतं, भिंतीला ताज्या रंगाचा वास होता आणि तिच्या पावलांचा आवाज वर जाऊन दुसऱ्याच कुणाचा होऊन खाली येत होता. चढता चढता ती पाठ केलेलं उत्तर मनात म्हणू लागली. हाच विषय का निवडलात, असं ते विचारणार. सगळ्यांनाच विचारतात. स्थूलता आणि मधुमेह यांवर संशोधन करायला आलेल्या मुलीला तर विचारणारच, आणि विचारताना त्यांची नजर चेहऱ्यावरून एकदा खाली घसरून पुन्हा वर येणार. उत्तर तिने चांगलं घोटलं होतं. ‘गेल्या काही दशकांत जगभर या दोन आजारांचं प्रमाण ज्या वेगाने वाढलं आहे’ इथून सुरुवात, मग ‘माझ्या घरातला अनुभव’ असं एक सभ्य वाक्य, आणि शेवटी समाजाला होणारा उपयोग. पहिले काही जिने वाक्यं नीट आली. मग श्वास पुरेना, आणि ‘माझ्या घरातला अनुभव’पाशी ती कठडा धरून थांबली. घरातला अनुभव. शब्द इस्त्री केलेले होते. त्यांत आई कुठेच नव्हती.

आई शिवणकाम करायची. दोन खोल्यांच्या घरातली बाहेरची खोली मशीनची होती, खिडकीला लागून, आणि आतली खोली बाकी सगळ्याची. वडील तिला आठवतही नव्हते. त्यांच्या जागी तिला मशीनचा आवाजच आठवे. आई बारीक होती. नुसती बारीक नाही, फुंकर मारली तर उडेल अशी. कपडे शिवायला आलेल्या बायका आईकडे बघत, मग कोपऱ्यात अभ्यास करत बसलेल्या तिच्याकडे बघत आणि म्हणत, "ही तुमची मुलगी?" त्यातला ‘ही’ चांगला लांब असे. एखादी पुढे जाऊन म्हणे, "तुमच्या वाटचंही हीच खाते वाटतं!" सगळ्या हसत. आईही हसे, पण तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे ते हसू तोंड न उघडता यायचं आणि तसंच जायचं. त्यात तिला घरी हाक मारायचे ‘चिमी’. जन्मली तेव्हा एवढीशी होती, मुठीत मावेल अशी, म्हणून. ते नाव एकदा कुणीतरी शाळेत नेऊन पोचवलं आणि मग पुढची सगळी वर्षं वर्गाला दुसऱ्या करमणुकीची गरज पडली नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधी आई तिची मापं घ्यायची. गिऱ्हाइकांची मापं आई मोठ्याने म्हणत असे, म्हणता म्हणता खडूने टिपत असे. तिचं माप मात्र कधी म्हटलं नाही. टेपवर अंगठ्याचं नख दाबून धरायची आणि तसंच, एखादी सांडणारी गोष्ट नेल्यासारखं, टेबलापर्यंत न्यायची. मग कापड बेतताना शिवणीच्या आत जादाचं कापड सोडायची, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. बाकीच्या मुलींच्या कपड्यांत बोटभर माया असे, तिच्या कपड्यांत चांगली दोन बोटं. ती आतून टोचायची. वर्गात बसल्या बसल्या ती काखेपाशी खाजवत राही आणि शेजारची मुलगी बाक सोडून सरके.

आई वाईट नव्हती. हे ती कुणाला तरी सांगू पाहत होती, पण जिन्यात कुणी नव्हतं. जेवायला वाढताना आईच्या हातातला चमचा ताटाच्या वर येऊन अधांतरी थांबायचा. "पुरे ना?" आई म्हणायची. त्यातलं प्रश्नचिन्ह नावापुरतं असे. यामागे मावशी होती. आईची मोठी बहीण, ऐसपैस, खळखळून हसणारी. तिला स्वतःला मावशीची फक्त मांडी आठवत होती, जगात बसायला त्याहून चांगली जागा तिला पुढे कधी मिळाली नाही. आईला मात्र मावशीचे शेवटचे महिने आठवत होते. रोज बदलायची पट्टी, तिचा वास, आणि शेवटी शेवटी माणसं न ओळखणारे डोळे. साखरेने मावशी नेली, आणि ती साखर मावशीच्या अंगातूनच आली, अशी आईची पक्की समजूत झाली होती. "मावशीसारखं नको व्हायला," एवढंच ती म्हणे आणि चमचा परत भांड्यात जाई. आई पाळतीवर होती. शत्रू कुठल्या दारातून येणार हे तिला ठाऊक होतं आणि त्या दारावर ती वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून बसली होती.

ती बारा वर्षांची असताना आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. "हिचं जरा बघा," आई म्हणाली. डॉक्टर म्हातारे होते, चष्मा कपाळावर ढकलून बघायचे. रक्त तपासू म्हणाले. सुई बघून तिने भोकाड पसरलं. आधी रक्त काढणारी बाई, मग डॉक्टर, मग बाहेर रांगेत बसलेली दोन माणसं, सगळ्यांनी समजावून झालं. शेवटी आई बाही वर सारत म्हणाली, "हे बघ, आधी माझं काढू दे. मुंगी चावल्यासारखं वाटतं, बास." आईने स्वतःचा काडीसारखा हात पुढे केला. त्यातून रक्त निघेल असंही वाटत नव्हतं, पण निघालं. मग तिने डोळे मिटून आपला दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन कागद शेजारी शेजारी धरले. "मुलीचं सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पण तुमची साखर बरीच वाढलेली आहे, बाई."

आई हसली. "अहो, नळ्या बदलल्या असतील."

"नाही हो. चिठ्ठ्या लावलेल्या असतात."

"डॉक्टर, माझ्याकडे बघा. आणि आता हिच्याकडे बघा."

डॉक्टरांनी बघितलं. त्या सगळ्या प्रसंगातलं तिच्या मनात खिळ्यासारखं रुतून बसलं ते हेच: डॉक्टरांनी आधी आईकडे, मग तिच्याकडे बघितलं आणि क्षणभर त्यांनाही शंका आली. चष्मा डोळ्यांवर ओढून त्यांनी कागद पुन्हा वाचले. "हवं तर परत करून बघू," ते म्हणाले, जरा पडत्या आवाजात. आई परत गेलीच नाही. त्या दिवसापासून घरात तिच्या दुधातली साखर बंद झाली. आई आपला चहा पूर्वीसारखाच पीत राहिली, वरून अर्धा चमचा घालून, कामाला ताकद लागते म्हणून. आणि नळ्यांची गोष्ट गिऱ्हाइकांना सांगायचा एक किस्सा झाली. "सांगते काय, साखर हिची आणि चिठ्ठी माझ्या नावाची!" बायका पोट धरून हसत.

ती हसत नव्हती, कारण तिला ते खरं वाटत होतं. त्याच्या आदल्या वर्षी तिला सडकून ताप आला होता आणि उशाशी बसून आई म्हणाली होती, "तुझं दुखणं मला येऊ दे गं बाई." सगळ्याच आया म्हणतात. पण तिच्या आईने म्हटलं आणि ते झालं, असं तिच्या मनाने घेतलं. तहान लागली की ती घाबरायची. ही नुसती तहान की ती तहान? शाळेत लघवीला जायचं टाळायची, कारण वारंवार जावं लागणं हे लक्षण आहे असं तिने कुठेतरी वाचलं होतं. आजार आपला आहे, घर चुकून आईकडे गेलाय, आज ना उद्या त्याला चूक कळेल आणि तो खरा पत्ता शोधत येईल, म्हणून ती वाट बघत राहिली. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगायला कुणी नव्हतंही. पुढे कॉलेजात प्रात्यक्षिकाच्या तासाला प्रत्येकाने आपापलं बोट टोचून रक्त तपासायचं होतं. तिचं व्यवस्थित निघालं. शेजारच्या मुलाने आकडा बघितला, तिच्याकडे बघितलं आणि "पुन्हा कर, यंत्र गंडलं असेल" म्हणाला. तिने पुन्हा केलं. पुढच्या वर्षी पुन्हा, त्यानंतरही पुन्हा. प्रत्येक वेळी व्यवस्थित. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटे ते असं, की दुसऱ्याचा पेपर बघून आपण पास झालोय.

जिन्याच्या वरच्या वळणावर एक खिडकी होती. तिने काचेला कपाळ टेकवलं. खाली रस्त्यावर माणसं छोटी दिसत होती. इतक्या वरून जाड-बारीक कळत नाही, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं. घामाने पाठ भिजली होती. अंगावरचा कपडा आईने शिवलेला शेवटचा, नंतर आईने काही शिवलं नाही. सुरुवात झाली ती त्याआधीच, एका सुट्टीच्या दुपारी. आई टेबल आणि मशीन यांच्यामध्ये ये-जा करत होती आणि ती आतल्या खोलीतून चहा घेऊन आली, तर जमिनीवर तांबडे ठिपके दिसले. नेटके, एका ओळीत, टेबलापासून मशीनपर्यंत आणि परत. "आई, हे काय सांडलं?" "कुठे?" आईने विचारलं आणि बघायला वळली, तर आणखी एक ठिपका उमटला. तिने खाली बसून आईचं पाऊल उचललं. तळव्यात, टाचेच्या अलीकडे, एक हिरवा मणी होता. मण्याच्या डोक्याची टाचणी, मुळापर्यंत गेलेली, आसपासची कातडी सुजून लाल झालेली. "दुखत नाही?" "काय दुखत नाही?" तिने नखात धरून टाचणी ओढली. ती येता येईना, आणि मग सुळकन आली. आई मशीनला हात टेकून, शेजारणीच्या पायाचं काही चाललंय असं, कुतूहलाने बघत होती. "अगं बया," आई म्हणाली, "ही तर मी परवापासून शोधतेय!"

पायाचा अंगठा गेला. पाय वाचला, हेच मोठं, असं सगळे म्हणाले. नळ्यांचा किस्सा घरात पुन्हा कुणी काढला नाही. मग डोळे गेले, एकदम नाही, शिवण उसवावी तसे, एकेक टाका. सुईत दोरा ओवता येईना. कॉलेजला जाण्यापूर्वी ती रंगीबेरंगी दोरे घालून बऱ्याच सुया ओवून ठेवायची, उशीत ओळीने खोचून, म्हणजे आईला दिवसभर पुरतील. संध्याकाळी येऊन बघावं तर आधी दोन-तीन उरलेल्या असत. मग अर्ध्या. मग एक दिवस सगळ्याच्या सगळ्या तशाच होत्या, शेपट्या लोंबत, आणि आई मशीनपाशी हात मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली होती. "आज गिऱ्हाईक आलं नाही," आई म्हणाली. दाराशी शिवायच्या कपड्यांच्या तीन पिशव्या होत्या.

ती सातव्या मजल्यावर पोचली तेव्हा तिचं नाव पुकारून झालं होतं. खोलीत टेबलापलीकडे तिघं होते: एक गोड बोलणारे गृहस्थ, एक फाईल चाळणारे आणि एक पिकल्या केसांच्या बाई, ज्या खिडकीबाहेर बघत होत्या. "बसा, बसा. आधी श्वास घ्या," गोड बोलणारे म्हणाले. "जिन्याने आलात? वा! चांगली सवय आहे." ती बसली. खुर्चीला हात होते आणि ते तिला दोन्ही बाजूंनी रुतत होते. त्यांनी विषयातलं थोडं विचारलं, तिने सांगितलं, ते तिला येत होतं. मग ते पुढे झुकले आणि नजर खाली घसरून वर आली.

"हाच विषय का?"

"गेल्या काही दशकांत," ती म्हणाली आणि थांबली. पुढचं वाक्य कुठल्यातरी जिन्यावर राहिलं होतं.

"संकोच करू नका," ते आणखी हळुवार झाले. "तुम्हाला स्वतःला आहे का मधुमेह?"

"नाही. आईला आहे."

"अच्छा. म्हणजे आईही..." त्यांचे हात नकळत बाजूंना पसरले आणि पसरले तसे अवघडून हवेतच राहिले.

"नाही. आई बारीक आहे. खूप बारीक."

फाईल चाळणाऱ्यांनी मान वर केली. बाईंनी खिडकीतून नजर काढून पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. ती नजर चेहऱ्यावर आली आणि तिथेच थांबली. "मग तुला नेमकं काय शोधायचंय?" बाईंनी विचारलं.

तिला रडू येईल असं वाटलं. ते आलं नाही. आला तो फक्त एक आवाज, जो तिने आजवर मोठ्याने ऐकला नव्हता. "मला का नाही झाला, ते," ती म्हणाली. "तिलाच का झाला. सगळे माझ्याकडे बघत राहिले. डॉक्टरसुद्धा. मीसुद्धा. तिच्याकडे कुणी बघितलंच नाही."

गोड बोलणाऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं. बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि "ठीक आहे, ये" म्हणाल्या. उतरताना ती पुन्हा जिन्यानेच उतरली. आपण वेड्यासारखं बोलून बसलो, असं तिला पायरीपायरीवर वाटत होतं.

तिची निवड झाली. आईला सांगितलं तेव्हा आई चाचपडत भांडी लावत होती. "म्हणजे आता जाड माणसांचा अभ्यास करणार?" आईने विचारलं. "बारीक माणसांचाही," ती म्हणाली. आई बराच वेळ एकच वाटी पुसत राहिली. "त्यांचा कशाला?" म्हणाली, आणि वाटी जागेवर गेली.

प्रयोगशाळेत तिचं कुणाशी वाकडं नव्हतं आणि सरळही नव्हतं. बाकीची मुलं घोळक्याने चहाला जात. तिला विचारत नसत असं नाही, पण दारातून बाहेर पडता पडता विचारत. ती नळ्यांवर चिठ्ठ्या लावत बसे. एकेका नळीवर एक चिठ्ठी पुरते. ती झाकणावर एक, अंगावर एक आणि बुडाला पेनाने खूण, असं तीनदा करी. "पोस्टात टाकायच्यात का या?" एक मुलगा हसून म्हणाला. तिलाही हसू आलं, पण ते येईपर्यंत तो गेला होता. डबा ती कोठीच्या खोलीत खायची, खोक्यांच्या मागे. लोकांसमोर खाणं तिने शाळेतच सोडलं होतं. लोक तिच्या जेवणाकडे असे बघत, जणू पुरावा बघतायत. एकदा मुलाखतीतल्या त्या बाई काही शोधत तिथे आल्या. ती तोंडातला घास न चावता तशीच थांबली. "निवांत आहे इथे," बाई म्हणाल्या, हवं ते खोकं घेऊन गेल्या आणि जाताना दार हलकेच ओढून घेतलं. दार ओढलं नसतं, खोक्यावर बसल्या असत्या, तर तिने काय केलं असतं, याचा विचार ती त्यानंतर कितीतरी दुपारी करत राहिली.

शरीराच्या आतली चरबी दाखवणारं यंत्र आलं तेव्हा ते जुळवून घ्यायला कुणीतरी त्यात झोपायला हवं होतं. सगळ्यांनी आढेवेढे घेतले. ती झोपली. तिला काय लपवायचं होतं? नंतर बाईंनी तिला पडद्यासमोर बसवलं. चरबी पांढरी दिसते. तिच्या देहाभोवती पांढराशुभ्र जाड वेढा होता, दुलईसारखा, आणि आत यकृत गडद, स्वच्छ, मोकळं. "बघ," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडे ठेवायला जागा आहे. कातडीखाली सगळं नीट ठेवलंयस. काहींच्या अंगाला ही कोठीच नसते. थोडंसंही जास्त झालं की कुठे ठेवायचं कळत नाही, मग ते आत पसरतं, यकृतात, जिथे असू नये तिथे. वरून दिसत नाही. सगळ्यांचं असंच असतं असं नाही, पण काहींचं असतं. कुणाचं, का, ते आपल्याला बघायचंय." ती त्या वेढ्याकडे बघत राहिली. ज्याच्यामुळे आयुष्यभर ती अंग चोरत आली, ते इथे पडद्यावर कुणाचीतरी राखण करत उभं होतं. तिची. तिला त्याबद्दल काय वाटायला हवं ते कळेना. आरशात तर ते अजूनही तसंच होतं.

बारीक आणि आजारी अशी माणसं हवी होती. ती मिळायला अवघड जात होती. एक दिवस तिने आईला विचारलं. "माझं काय बघणार? हाडं?" आई म्हणाली. पण दोन दिवसांनी आपणहून म्हणाली, "येते. तू काय करतेस ते तरी कळेल." उपाशीपोटी यायचं होतं. आई सकाळीच तयार होऊन, शाल पांघरून, दाराशी बसून राहिली. तिथे घालायला दिलेला झगा आईने बोटांनी चाचपला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "कुणी शिवलाय हा? एकाच टाक्याने? धुतला की सुटणार." यंत्र चालवणाऱ्याने विचारलं, अंगावर धातूचं काही आहे का, टाचणी-बिचणी, तेव्हा आईचा हात सवयीने गळ्यापाशी गेला, जिथे पूर्वी टाचण्या खोचलेल्या असत, आणि रिकामा परत आला. "नाही हो," आई म्हणाली. "आता नसतात."

ती काचेच्या अलीकडे बसली, बाईंच्या शेजारी. "तू बाहेर थांबलीस तरी चालेल," बाई म्हणाल्या. तिने नाही म्हणून मान हलवली. पलीकडे आई त्या पांढऱ्या बोगद्यात सरकत गेली, शेवटी फक्त पावलं उरली, एका पायाला चारच बोटं असलेली. यंत्र ठोकू लागलं. मधल्या शांततेत ध्वनिक्षेपकातून आवाज आला, बारीक, खोल विहिरीतून आल्यासारखा. "चिमे, आहेस ना?" तिने बटण दाबलं. "आहे." "जाऊ नकोस हं." "नाही जात." पडद्यावर एकेक काप उमटू लागला. आईच्या कातडीखाली पांढरी रेघ जेमतेम होती, खडूने ओढल्यासारखी. आणि आत, जिथे गडद असायला हवं होतं तिथे, सगळं उजळ होतं. दुधाळ, काठोकाठ भरलेलं. बाईंनी आवाज न करता खुर्ची थोडी तिच्याजवळ सरकवली. इतकी वर्षं हे इथे होतं. टेपमध्ये मावत नव्हतं, म्हणून मापात आलं नव्हतं. आई दारावर पहारा देत बसली होती आणि हे केव्हाच घरात येऊन, तिच्याच पाठीमागे, मुकाट बसलं होतं. आपण बरोबर ठरलो, असं तिला वाटायला हवं होतं. तिला फक्त ते चित्र कुणीतरी झाकावं असं वाटलं.

कपडे बदलून आई बाहेरच्या बाकावर बसली होती. दुपारची वेळ, व्हरांड्यात गर्दी होती, तपासणीला आलेली माणसं, विद्यार्थी, ढकलगाड्या. ती शेजारी जाऊन बसली. आईने तिच्याकडे तोंड वळवलं, पण नजर तिच्या कानाच्या थोडी पलीकडे गेली.

"काय निघालं?"

आजवर तिच्या अंगाबद्दल आई बोलत आली होती आणि ती ऐकत आली होती. आता बोलायचं तिला होतं. तिने एक-दोन शब्द जिभेवर घेऊन बघितले आणि सोडून दिले. "आत साठलंय," ती म्हणाली. "यकृतात."

"काय साठलंय?"

"चरबी."

समोरून एक ढकलगाडी करकरत गेली. "माझ्यात?" आईने विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"खूप आधीपासून असणार. त्यात तुझी काही चूक नाही, आई. तू खाल्लंस म्हणून नाही. तुझ्या अंगाला ठेवायला जागा नव्हती, एवढंच."

आईने मान हलवली, कळल्यासारखी किंवा न कळल्यासारखी. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुणी कुणी बघितलं?"

"मी. आणि बाईंनी."

"आणखी कुणाला दिसतं का ते?"

"नाही गं. वरून नाही दिसत."

"तुला दिसलं ना," आई म्हणाली. आणि तिने खांद्यावरची शाल ओढून पुढे आणली, सपाट पोटावरून घेतली, दोन्ही टोकं मुठीत गच्च धरली आणि खांदे आत घेऊन बसली. ही बसायची पद्धत तिच्या ओळखीची होती. ओळखीची कसली, तिचीच होती. बाकावर, बसमध्ये, खुर्चीत, जिथे जिथे माणसं समोर असतील तिथे ती अशीच बसत आली होती. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. एका वाक्यात आलं होतं.

समोरच्या रांगेतली एक बाई सहज इकडे बघत होती. त्या बघण्यात काही नव्हतं, पण आईला तेही दिसत नव्हतं, आणि न दिसल्यामुळे सगळा व्हरांडा आपल्याकडेच बघतोय असं तिला वाटत असणार. "चल," ती आईला म्हणाली. आई उठली, भिंतीच्या बाजूला चाचपडली. ती आईच्या आणि माणसांच्या मधे आली आणि अंग न चोरता, होतं तेवढं सगळं घेऊन, हळूहळू चालू लागली. तिच्या आडोशाला आई पुरती झाकून जात होती. व्हरांड्याच्या टोकापर्यंत कुणाला आई दिसली नाही. जे बघत होते ते तिच्याकडे बघत होते, आणि तिने त्यांना बघू दिलं.